गोष्ट सुरू होण्याआधीचं अर्धं मिनिट

मालिकेची किंवा सिनेमाची टायटल्स म्हणजे नावं दाखवायची जागा, असं पुष्कळांना वाटतं. मी ब्रिस्टलमध्ये ॲनिमेशनचं काम करते. त्यातही माझ्या वाट्याला जास्त येतं ते टायमिंग, म्हणजे कोणतं चित्र पडद्यावर किती फ्रेम राहील हे ठरवणं. या कामातून माझी एक पक्की खात्री झाली आहे. पात्र कसं आहे आणि गोष्टीची हवा कशी आहे, हे प्रेक्षकाला पहिला संवाद कानावर पडायच्या आधीच कळलेलं असतं, आणि ते चित्रांपेक्षा चित्रांच्या लयीतून कळतं. देखणी चित्रं असूनही लय चुकल्यामुळे विस्मरणात गेलेली टायटल्स मी पाहिली आहेत. साध्या रेघोट्यांची, पण लय नेमकी सापडल्यामुळे पन्नास वर्षं लोकांच्या मनात राहिलेलीही पाहिली आहेत. ब्रिटनमध्ये अशी उदाहरणं घराघरांत आहेत.

या कामात नव्याने येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. ज्यांना नुसतं बघायला आवडतं, त्यांनाही यातून बघण्याची आणखी एक वाट मिळेल.

१. चेहऱ्याच्या आधी चाल ठरवा

रिचर्ड विल्यम्स मूळचे कॅनडाचे, पण त्यांची कारकीर्द बहरली ती लंडनमध्ये. सोहो स्क्वेअरला १३ नंबरच्या इमारतीत त्यांचा स्टुडिओ होता. २००१ साली त्यांचं ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या ॲनिमेटरांच्या टेबलावर जाऊन बसलं. त्यात चालीचा हिशेब दिला आहे. सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेम असतात. १२ फ्रेमना एक पाऊल पडलं, तर माणूस कामावर निघाल्यासारखा वाटतो. १६ फ्रेमना पडलं तर तोच माणूस रमतगमत चाललेला वाटतो. २० केल्या तर तो थकलेला किंवा म्हातारा होतो, आणि ८ वर आणल्या तर जवळजवळ धावतो. चेहरा तोच, कपडे तेच. बदलला तो फक्त पावलांमधला वेळ.

नवीन मुलं आधी पात्राचे डोळे, केस, टोपी यांच्या मागे लागतात. मी त्यांना सांगते, एक काळा ठिपका घ्या आणि तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. तो ठिपका घाईत आहे की भित्रा आहे की दिमाखात चालला आहे, हे समोरच्याला कळलं, तर मगच त्याला नाक-डोळे द्या.

२. दोन हालचालींच्या मध्ये स्वभाव राहतो

एका मुलांच्या मालिकेच्या टायटल्सवर काम करत होते. त्यात आजी दार उघडते, समोर नातू उभा असतो, चिखलाने माखलेला. गोष्ट एवढीच. स्टोरीबोर्डवर तीन चौकटी होत्या: दार उघडलं, आजीने पाहिलं, आजी हसली. टेलिव्हिजनला इथे सेकंदाला २५ फ्रेम असतात, भारतातही तेवढ्याच. पहिल्या मांडणीत दार उघडल्यावर सहा फ्रेमनी आजीची मान वळत होती आणि लगेच हसू येत होतं. चित्र नीट होतं, पण आजी कोणाचीच वाटत नव्हती. हसणं तिचं काम असावं, अशी ती हसत होती.

मग आम्ही मान तशीच ठेवून आधी नुसते डोळे खाली नेले, चिखलाच्या बुटांकडे. चार फ्रेम. तिथे डोळे दहा फ्रेम थांबवले. मग एक पापणी मिटणं. मग डोळे वर, नातवाच्या तोंडाकडे, आणि त्यांच्या मागोमाग मान. हसू येण्याआधी पुन्हा आठ फ्रेम काहीच नाही. हे सगळं मिळून सेकंद-दीड सेकंदाचं काम, पण आता तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते दिसत होतं: फरशी आत्ताच पुसली आहे, पोरगं तर किती खुश आहे, जाऊ दे. त्या थांबलेल्या आठ फ्रेममध्ये आजी घडली. संवादात तिचं प्रेम सांगायला पुढे कोणाला पान खर्च करावं लागलं नाही.

डोळे आधी, मान नंतर, शरीर सर्वांत शेवटी, हा आमच्या कामातला जुना नियम आहे. त्यांच्या मध्ये किती वेळ सोडायचा याला मात्र नियम नाही. तो वेळ म्हणजेच पात्र.

३. एकाच ठेक्यावर सगळं घर आणा

‘पेपा पिग’ माहीत नाही असं लहान मूल असलेलं घर आता साताऱ्यातही सापडणार नाही. २००४ साली ब्रिटनच्या चॅनेल फाइव्हवर ही मालिका सुरू झाली. ॲस्टली बेकर डेव्हिस या लंडनच्या छोट्या कंपनीने ती केली, आणि एकेक भाग जेमतेम पाच मिनिटांचा आहे. तिची सुरुवात पुन्हा एकदा बघा, पण आता कामाच्या नजरेने.

पेपा येते, आपलं नाव सांगते आणि डुकरासारखं फुर्र करते. मग भाऊ जॉर्ज, त्याचं फुर्र बारीक. मग आई. मग बाबा, आणि बाबांचं फुर्र घोगरं, दमदार. प्रत्येकाला जवळपास सारखाच वेळ, सारखाच ठेका. मधे कोणी धावत नाही, कॅमेरा हलत नाही. ठेका सारखा असल्यामुळे हे एक घर आहे, हे कळतं. आवाज वेगळा असल्यामुळे या घरात कोण कोण आहे, हे कळतं. शेवटी सगळे मिळून हसतात आणि मालिकेचं नाव येतं. दोन वर्षांच्या मुलालाही सगळं कुटुंब ओळखीचं होतं.

अनेक पात्रं असलेल्या मालिकेत प्रत्येकाला वेगळी ‘एंट्री’ द्यायचा मोह फार होतो. कोणी छतावरून उडी मारतो, कोणी गाडीतून येतो. मग ती माणसं एकमेकांची वाटत नाहीत. लय समान ठेवा आणि तिच्यावरचा उच्चार बदला.

४. काहीच न हलवण्याचं धाडस ठेवा

ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन हे दोघे केंट परगण्यात, फर्मिन यांच्या शेतघराच्या आवारात मुलांच्या मालिका बनवत. त्यांची ‘बॅगपस’ १९७४ साली बीबीसीवर आली. तिचे एकूण तेराच भाग झाले. १९९९ साली बीबीसीने मतदान घेतलं तेव्हा इथल्या लोकांनी तिला मुलांच्या कार्यक्रमांमध्ये पहिला क्रमांक दिला.

तिची सुरुवात होते ती जुन्या, तपकिरी छायाचित्रांनी. एमिली नावाची एक मुलगी, तिचं दुकान, त्या दुकानात ठेवलेल्या हरवलेल्या-मोडक्या वस्तू, आणि झोपलेलं कापडी मांजर. छायाचित्रं स्थिर आहेत. पोस्टगेट स्वतः शांतपणे सांगत राहतात, त्यांना कुठेही जायची घाई नाही. मग मांजर जागं होतं, जांभई देतं, आणि तपकिरी चित्रात रंग येतो.

आजचा कोणीही निर्माता म्हणेल, पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर मूल उठून जाईल. माझा अनुभव उलट आहे. स्थिर चित्रासमोर मूल स्वतः हलायचं थांबतं. ते चित्रात शिरतं, कोपऱ्यात काय आहे ते शोधतं. रंग येतो तेव्हा तो त्याच्यासाठी उगवतो, कारण त्याने वाट पाहिलेली असते. बॅगपसचा हळुवार, जरा उदास, तरी ऊबदार स्वभाव त्या स्थिर चित्रांनी आधीच पसरून ठेवलेला असतो.

आपल्याकडे ‘मालगुडी डेज’ने १९८६ साली हेच केलं होतं. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि एल. वैद्यनाथन यांचं संगीत. त्या चित्रांना कोणी नाचवलं नाही. सावकाश एकामागून एक समोर आली, आणि कधी न पाहिलेलं एक गाव आपलं झालं.

५. मोडायचं असेल, तर आधी नीट चालू द्या

‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ५ ऑक्टोबर १९६९ रोजी बीबीसीवर सुरू झाली. तिची टायटल्स टेरी गिलियम यांनी केली. वेळ कमी, पैसा कमी, म्हणून त्यांनी जुनी चित्रं कापून कागदी तुकडे हलवायची पद्धत धरली. मागे संगीतकार सूझा यांचं ‘द लिबर्टी बेल’ हे लष्करी बँडचं कूच वाजत राहतं. कापलेली माणसं, फुलं, यंत्रं त्याच्या तालावर बागडतात, आणि शेवटी वरून एक अवाढव्य पाऊल येऊन सगळं चिरडून टाकतं.

ते पाऊल कुठून आलं, हे लंडनला गेलात तर डोळ्यांनी पाहता येतं. ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार ब्राँझिनो याचं सोळाव्या शतकातलं व्हीनस आणि क्युपिडचं चित्र आहे. प्रवेश मोफत आहे. चित्राच्या मधोमध गर्दी आहे, सगळे तिकडेच बघतात. तुम्ही खाली डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे एक कबुतर बसलं आहे आणि त्याच्याजवळ क्युपिडचं पाऊल. तेच ते. चित्रात ते किती नाजूक, किती गोंडस आहे! गिलियम यांनी त्याला वजन दिलं ते वेगाने. पाऊल हळूहळू उतरलं असतं, तर ते ढगासारखं वाटलं असतं. ते काही फ्रेमांत आदळतं आणि तिथेच राहतं.

मी विद्यार्थ्यांना हे दाखवताना आधीच्या बँडकडे लक्ष द्यायला सांगते. बँडचा ठेका इतका शिस्तीचा आहे की त्याची सवय होते. सवय झाल्यावरच मोडण्याला अर्थ येतो. या कार्यक्रमात बीबीसीची, सैन्याची, न्यायालयाची, सगळ्यांची शिस्त मोडणार आहे, ही वर्दी त्या एका आघाताने दिलेली असते. सुरुवातीपासून धिंगाणा घातला तर पुढे मोडायला हातात काही उरत नाही.

६. रेष कोणत्या वेगाने येते, तेही बोलतं

‘येस मिनिस्टर’ ही मालिका १९८० साली आली. भारतात तिच्यावरून २००१ साली फारूख शेख यांची ‘जी मंत्रीजी’ आली, म्हणून मराठी वाचकांना ही गोष्ट ठाऊक आहे: एक मंत्री, त्याचा मुरलेला सचिव आणि दोघांच्या कात्रीत सापडलेला खासगी सचिव. मूळ मालिकेची टायटल्स व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांनी काढली. त्यात चेहरे आपोआप उमटत जातात. करण्याची रीत अगदी हाताची होती. कागदाच्या वर कॅमेरा लावायचा, रेषेचा एक तुकडा काढायचा, दोन फ्रेम घ्यायच्या, पुढचा तुकडा काढायचा, पुन्हा दोन फ्रेम.

या रीतीमुळे जे होतं, ते नीट बघण्यासारखं आहे. आधी एक रेष येते. ती कुठे निघाली आहे, कळत नाही. ती लांबत जाते, वळते, आणि मग लक्षात येतं की हे नाक आहे, आणि ते अजून संपलेलं नाही. माणूस कोण आहे हे सुरुवातीला दडवलेलं, थोडं थोडं उघड होणारं, आणि पूर्ण दिसल्यावर वाकडं निघालेलं. सरकारी कारभाराची सगळी गोष्ट यात आली. संगीत रॉनी हेझलहर्स्ट यांचं, आणि त्याची चाल वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या टोल्यांवरून घेतलेली. घड्याळ आपल्या गतीने चालतं, रेष आपल्या गतीने चालते, आणि मंत्री येतात नि जातात.

व्यंगचित्र पूर्ण काढून एकदम पडद्यावर टाकलं असतं, तर आपण हसलो असतो आणि विसरलो असतो. उमटण्याला वेळ दिल्यामुळे आपण तर्क करत बसतो. प्रेक्षकाला तर्क करायला लावणं हा त्याला दिलेला मोठा मान आहे.

रेषेबद्दल आणखी एक, थोडक्यात. बॉब गॉडफ्री यांची ‘रूबार्ब’ (१९७४) कागदावर मार्कर पेनने काढलेली आहे. प्रत्येक चित्रात रेष जराशी सरकते, त्यामुळे पडद्यावर सगळं सतत थरथरतं. रूबार्ब हा कुत्रा एका जागी स्वस्थ बसणारा नाही. तो उभा असला तरी त्याची रेष उभी राहत नाही.

७. एका चालीला दुसरी चाल भिडवा

१९६३च्या ‘द पिंक पँथर’ या सिनेमात पिंक पँथर हे एका हिऱ्याचं नाव आहे. टायटल्ससाठी अमेरिकेतल्या डेपॅटी-फ्रेलेंग स्टुडिओने त्याचा गुलाबी चित्ता केला, आणि हेन्री मॅन्सिनी यांच्या सॅक्सोफोनवर तो चित्ता असा काही चालला, की लोकांनी सिनेमाइतकंच त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी त्याच्यावर स्वतंत्र लघुपट निघाला, ‘द पिंक फिंक’, आणि त्याला ऑस्कर मिळालं. टायटल्समध्ये जन्मलेलं पात्र सिनेमाबाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहिलं!

१९७५ आणि १९७६ साली याच मालिकेतले आणखी दोन सिनेमे आले, तेव्हा त्यांची टायटल्स लंडनला विल्यम्स यांच्या स्टुडिओत झाली. विल्यम्स यांनी हॉलिवूडचे जुने, मुरलेले ॲनिमेटर सोहोत आणले होते. वॉर्नर ब्रदर्सचे केन हॅरिस त्यांच्यात होते. मास्तर शेजारी बसून काम करतो आहे आणि पुढची पिढी बघून शिकते आहे, अशी ती जागा होती.

चित्त्याच्या चालीचं गमक असं, की तो कधीच घाई करत नाही, आणि त्याच्या मागे लागलेल्या इन्स्पेक्टरला कधीच वेळ पुरत नाही. दोघांना एकाच चौकटीत ठेवलं, की एकाचा संथपणा दुसऱ्यामुळे ऐट होतो आणि दुसऱ्याची लगबग पहिल्यामुळे धांदल होते. एकट्या संथ पात्राला प्रेक्षक आळशी समजू शकतो. पात्राचा वेग सांगायला दुसरा वेग शेजारी लागतो. ‘चिमणराव’ आणि ‘गुंड्याभाऊ’ यांच्यावर कोणी कधी ॲनिमेशन करणार असेल, तर त्याने चेहऱ्यांच्या रेखाटनात महिने घालवण्याआधी या दोघांच्या पावलांचं गणित मांडावं, अशी माझी मनापासून सूचना आहे.

विल्यम्स यांचं माझ्या आवडीचं काम मात्र दुसरं आहे: ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९६८). क्रिमियन युद्धातल्या १८५४ सालच्या चढाईवरचा सिनेमा, आणि त्यातलं ॲनिमेशन व्हिक्टोरियन काळातल्या ‘पंच’ साप्ताहिकातल्या कोरीव चित्रांच्या धाटणीचं. ब्रिटिश सिंह, रशियन अस्वल. बारीक आडव्या-उभ्या रेघांनी भरलेली ती चित्रं जडशीळ आहेत, आणि ती हलतातही तशाच जडपणे, मोठ्या थाटात. पुढे जी माणसं मरणार आहेत, त्यांना मरायला पाठवणारी मिजास त्या हालचालीत दिसते. मी आजही ते बघताना खुर्चीत सरळ होऊन बसते.

८. कोणी माणूस न दाखवताही हवा तयार होते

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. बर्नार्ड लॉज यांनी टायटल्स केली ती एका विलक्षण युक्तीने. कॅमेरा स्वतःच्याच चित्राच्या मॉनिटरवर रोखला, की प्रकाश स्वतःमध्ये घुमत राहतो आणि धुरासारखे आकार तयार होतात. सुरुवातीच्या त्या टायटल्समध्ये डॉक्टरचा, म्हणजे नायकाचा, चेहरा नव्हता. तो आला १९६७ साली. रॉन ग्रेनर यांच्या चालीला डेलिया डर्बीशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये रूप दिलं. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक सूर टेपवर घ्यायचा, टेप कापायची, जोडायची. खालचा ठेका घोड्याच्या दौडीसारखा नेमका, आणि वरचे आकार मात्र कोणत्याही मापात न बसणारे. कान म्हणतो पुढे चल, डोळा म्हणतो इथे जमीन नाही. काळातून प्रवास करणाऱ्या माणसाच्या गोष्टीला याहून चांगलं दार मला सुचत नाही.

९. तोंडाने म्हणा, मग कागदावर मांडा

ॲनिमेशनची एक्सपोजर शीट म्हणजे फ्रेमांचा तक्ता. इथले सहकारी तिच्या कडेला संगीताचे ठोके १-२-३-४ असे लिहितात. मी लहानपणी तबला शिकले, त्यामुळे माझ्या शीटवर धा गे ना ति न क धि ना येतं. मिनिटाला १२५ ठोक्यांची लय धरली, तर २५ फ्रेमच्या हिशेबात एक मात्रा बरोबर १२ फ्रेमची होते. केरव्याचं एक आवर्तन ९६ फ्रेम, म्हणजे चार सेकंदांना चार फ्रेम कमी. दादऱ्याचं ७२. पात्र समेवर आलं तर ते निश्चयी वाटतं. समेच्या दोन फ्रेम आधी आलं तर उतावीळ, थोडं मागून आलं तर बेफिकीर. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही, शीटवर करून पाहिलं आहे, आणि इथल्या माणसांनाही ते न सांगता कळतं.

स्टॉपवॉच घेऊन उभं राहा, प्रसंग स्वतः करून पाहा, तोंडाने बोल म्हणा. संगणकावर बसायचं ते त्यानंतर.

१०. देवनागरीला तिची स्वतःची लय आहे

लंडनच्या काही मराठी मंडळींनी हौसेने केलेल्या एका लघुपटाची टायटल्स करताना मी यात खोल शिरले. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ती एकेक करून टपटप आणता येतात. देवनागरी शब्दाला शिरोरेषा आहे. संगणकाची तयार साधनं बहुधा शब्द डावीकडून उजवीकडे सरसकट उघडत नेतात, आणि मग अर्धी वेलांटी, अर्धा काना लोंबकळताना दिसतो.

आपला हात असा लिहीत नाही. आपण आधी अक्षरं काढतो, मग काना-मात्रा, आणि शब्द झाल्यावर वरून एका दमात शिरोरेषा ओढतो. मी तेच केलं. प्रत्येक अक्षर बोरूच्या जाड-बारीक वळणाने उमटलं, जरा थांबलं, आणि शेवटी दहा फ्रेममध्ये शिरोरेषा सरळ निघून गेली. ती रेष म्हणजे त्या शब्दाची सम. लघुपटाच्या शोकाच्या गोष्टीला त्या रेषेने गांभीर्य दिलं. दुसऱ्या वेळी मुलांसाठीच्या विनोदी तुकड्यात मी क्रम उलटा केला: आधी शिरोरेषा ताणली आणि अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी तिच्यावर येऊन लोंबली, डुलली. लिपी तीच, हवा पूर्ण वेगळी.

आणि वाचायला वेळ द्या. नाव सावकाश दोनदा मनात वाचून होईल, तेवढा वेळ ते पडद्यावर राहावं. जोडाक्षर असेल तर नजर तिथे अडते, त्यासाठी आणखी थोडा. ज्याने रात्र रात्र जागून काम केलं, त्याच्या आईला त्याचं नाव वाचता आलं पाहिजे.

११. वेळ हाच आपला कच्चा माल

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला आले, ते सिनेमाचं तंत्र शिकायला आणि सामान घ्यायला. वॉल्टन-ऑन-टेम्स इथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर कॅमेरा रोखून, अंतराअंतराने एकेक फ्रेम घेत, अंकुराची वाढ टिपली होती. बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत रोप वाढलं, आणि ते पाहून सिनेमाला पैसा उभा राहिला. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपटही केला.

नाशिकच्या या माणसाने सुरुवातीलाच काय केलं असेल, तर काळ हातात घेऊन दाबला, ताणला. माझ्या रोजच्या कामाची सुरुवात मी तिथून मानते. हेपवर्थ आणि विल्यमसन यांची नावं इथल्या सहकाऱ्यांना माहीत असतात. फाळक्यांचं नाव मी त्यांना सांगते आणि सांगत राहीन.

१२. वगळण्याचं बटण आलं म्हणून घाबरू नका

आता सुरुवात वगळायची सोय प्रेक्षकाच्या बोटाखाली आहे, म्हणून टायटल्स पाच सेकंदांवर आणा, असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतं. काही मालिकांना पाच सेकंद पुरतात, हे खरं. पण लहान मुलं सुरुवात वगळू देत नाहीत. त्यांना तीच लय रोज हवी असते, कारण त्या लयीत ती दुसऱ्या घरी जातात. ‘वॉलेस अँड ग्रॉमिट: द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’ (२००५) हा आमच्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा सिनेमा. त्याच्या आरंभी कॅमेरा भिंतीवरच्या चौकटीतल्या छायाचित्रांवरून सरकत जातो. एक शब्द नाही. ग्रॉमिटला तर तोंडच नाही. तरी या दोघांनी एकत्र काढलेली सगळी वर्षं आपल्याला कळतात, आणि पुढच्या दीड तासात ग्रॉमिटने नुसती भुवई वर केली तरी पोटात काहीतरी हलतं. ती छायाचित्रं घाईने सरकवली असती, तर ही वर्षं आपल्यापर्यंत आली नसती.

मराठी मालिका आणि सिनेमे करणाऱ्या निर्मात्या-दिग्दर्शकांकडे माझं एक मागणं आहे. टायटल्सचं काम संकलन संपल्यावर, उरलेल्या पैशात, उरलेल्या आठवड्यात देऊ नका. पटकथा हातात आली की टायटल्स करणाऱ्यालाही बोलवा, संगीतकाराच्या शेजारी बसवा, आणि पात्रं कशी चालतात हे त्या दोघांना मिळून ठरवू द्या. महाराष्ट्रात हे करू शकणारी मुलंमुली आहेत. त्यांची कामं मी पाहते. त्यांना काम सुरुवातीपासून द्या.